तिसऱ्या पादाचा भार
सामुदायिक हॉस्पिस-सेवेचा निधी : उभारणी, सातत्य आणि विस्तार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांपैकी पहिल्या दोन पादांविषयी आपण वैद्यमंडळी वर्षानुवर्षे लिहितो, बोलतो, परिषदा भरवतो. वैद्याचे ज्ञान कसे वाढावे आणि द्रव्याची शुद्धता कशी राखावी, हे आपले नित्याचे विषय आहेत. तिसरा पाद म्हणजे उपस्थाता, रुग्णाची शुश्रूषा करणारा परिचारक. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे त्याचे चार गुण आपण विद्यार्थिदशेत पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि पुढे व्यवसायात पडल्यावर बहुधा विसरून जातो. हे गुण ज्याच्या अंगी आहेत त्या माणसाचा महिन्याचा पगार कोठून यावा, हा प्रश्न तर आपल्यापैकी फारच थोड्यांनी स्वतःला विचारला असेल. असाध्य व्याधीने घरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या संदर्भात हा प्रश्न टाळता येत नाही. प्रस्तुत लेख त्याच प्रश्नाविषयी आहे.

एक अनुभव

माझा व्यवसाय एका तालुक्याच्या गावी आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या परिसरातील एका संस्थेने कर्करोग, पक्षाघात व वार्धक्याने जर्जर झालेल्या रुग्णांसाठी घरपोच शुश्रूषेचा उपक्रम सुरू केला. सल्लागार म्हणून माझेही नाव त्या मंडळावर होते. एका मोठ्या दात्याने वाहन दिले आणि तीन वर्षांपुरता परिचारिकेचा पगार देण्याचे मान्य केले. उद्घाटन थाटात झाले. परिचारिका बाई कामाच्या आणि मायाळू होत्या. आठवड्यातून पाच दिवस त्या वाडी-वस्तीवर जात. जखमा धुऊन पट्टी करणे, नळी बदलणे, तोंड स्वच्छ करणे, औषधांच्या वेळा लिहून देणे, घरच्यांना कूस बदलण्याची रीत शिकवणे अशी ती कामे होती. पुस्तकात वाचलेला 'अनुराग' हा गुण मी त्यांच्या हातात पाहिला.

तीन वर्षे संपली. दात्याने दिलेला शब्द पाळला होता, त्यामुळे त्याला दोष देण्याचे कारण नव्हते. दोष आमचा होता. 'पुढचे पुढे पाहू' असे म्हणत आम्ही तीन वर्षे घालवली होती. चौथ्या वर्षाच्या दुसऱ्याच महिन्यात बाईंना दुसरीकडे नोकरी धरावी लागली. एका संध्याकाळी मुखाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाची पत्नी माझ्या दवाखान्यात आली. तिचा एकच प्रश्न होता, "वैद्यबुवा, बाई आता कधी येणार?" मी स्वतः तिच्यासोबत घरी गेलो. जखम चार दिवस उघडली नव्हती. ती उघडताना माझे हात अडखळले, कारण हे काम मला शास्त्राने ठाऊक होते, सरावाने नव्हते. परत येताना संस्थेच्या आवारात ते वाहन उभे दिसले. त्याच्यावर दात्याचे नाव ठळक अक्षरांत होते आणि त्यात बसून जाणारे कोणी नव्हते.

त्या दिवसापासून निधिसंकलनाकडे मी वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो. सेवा सुरू करण्यासाठी मिळणारा पैसा आणि सेवा चालू ठेवण्यासाठी लागणारा पैसा हे दोन भिन्न प्रकारचे पैसे आहेत. पहिला एकदा येतो, दुसरा दरमहा यावा लागतो. पहिल्याला दाता लागतो, दुसऱ्याला समाज लागतो.

सेवेचे स्वरूप आणि तिची गरज

हॉस्पिस या शब्दाने आपल्याकडे एखादी इमारत डोळ्यांपुढे येते. आधुनिक हॉस्पिस चळवळीचा आरंभ लंडनमध्ये डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून मानला जातो. त्याही इमारतच होत्या. परंतु त्यांचा गाभा वेदना व इतर लक्षणांचे नियंत्रण, रुग्णाच्या मनाचा व कुटुंबाचा आधार आणि मृत्यू जवळ आला तरी रुग्णाला न सोडणे हा होता. तोच गाभा घरोघरी नेला की सामुदायिक हॉस्पिस-सेवा होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना अशा उपशामक शुश्रूषेची गरज असते आणि त्यांतील केवळ १४ टक्क्यांच्या आसपास लोकांना ती मिळते.

आयुर्वेदाने व्याधींचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय असे भेद केले. प्रत्याख्येय व्याधीत चिकित्सा करणाऱ्याच्या यशाची हानी होते, असा सावधगिरीचा इशाराही दिला. या इशाऱ्याचा अर्थ खोटी आशा दाखवून द्रव्यहरण करू नये असा घेणे योग्य. रुग्णाकडे पाठ फिरवावी असा घेणे अयोग्य. व्याधी प्रत्याख्येय ठरते, रोगी नव्हे. तो अखेरपर्यंत चौथा पाद असतोच, आणि त्या काळात पहिल्या दोन पादांचे कार्य जसजसे मर्यादित होते तसतसा तिसऱ्या पादावरील भार वाढत जातो.

तीन वाटा

ही सेवा चालवण्यासाठी लागणारा पैसा उभा करण्याच्या तीन वाटा आपल्या देशात दिसतात.

पहिली वाट न्यासाची. मुंबईत वांद्रे येथे डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये सुरू झालेले शांती अवेदना सदन हे भारतातील पहिले हॉस्पिस. पुढे गोवा व दिल्ली येथेही त्याच्या शाखा झाल्या. अंतिम अवस्थेतील कर्करुग्णांना तेथे विनामूल्य सांभाळले जाते. अशा संस्थेमागे न्यासाची प्रतिष्ठा, निष्ठावान सेविका आणि मोठ्या दात्यांचा वर्ग असावा लागतो. दुसरी वाट उद्योगसमूहाची. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून चालणारे सिप्ला समूहाचे उपशामक शुश्रूषा केंद्र हे तिचे ठळक उदाहरण. एका औषधनिर्मात्याने आपल्या बळावर इतकी वर्षे विनामूल्य सेवा चालवावी, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट आहे.

या दोन्ही वाटा आदरास पात्र आहेत. तथापि प्रत्येक तालुक्याला असा न्यास वा असा उद्योगसमूह लाभणे शक्य नाही. म्हणून तिसरी वाट अधिक बारकाईने पाहावी लागते. ती केरळातील आहे.

मलप्पुरमचा धडा

मलप्पुरम हा जिल्हा आपणा वैद्यांना अनोळखी नाही. वैद्यरत्नम् पी. एस. वारियर यांनी १९०२ साली स्थापिलेली कोट्टक्कलची आर्य वैद्य शाला याच जिल्ह्यात आहे. आपल्यापैकी अनेकांनी तेथे भेट दिली असेल. परंतु त्याच जिल्ह्याच्या गावोगावी उभ्या राहिलेल्या उपशामक शुश्रूषा केंद्रांकडे आपले लक्ष क्वचितच गेले.

या कामाचे मूळ शेजारच्या कोळिकोडमध्ये आहे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये वेदनाशमन व उपशामक शुश्रूषेची संस्था सुरू केली. काही वर्षांतच त्यांच्या ध्यानात आले की, ज्यांना सर्वाधिक गरज आहे ते रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचूच शकत नाहीत. मग सेवा घरी गेली. आणि घरी जाणाऱ्या सेवेला डॉक्टर पुरेनात, पैसाही पुरेना. या अडचणीतून शेजारधर्मावर आधारलेले जाळे विणले गेले. आठवड्यातून किमान दोन तास देण्यास तयार असलेल्या सामान्य नागरिकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याच वस्तीतील रुग्णांची जबाबदारी त्यांच्यावर सोपवावी आणि प्रशिक्षित परिचारिका व डॉक्टरांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे, अशी ती योजना. मलप्पुरममध्ये ती सर्वाधिक रुजली.

निधीच्या दृष्टीने येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, स्थानिक केंद्रांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिकांच्या छोट्या देणग्यांतून उभा राहिला. दुकानांत ठेवलेल्या दानपेट्या, मजूर व छोटे व्यापारी यांची मासिक वर्गणी, विद्यार्थ्यांनी गोळा केलेली रक्कम अशा ओहोळांतून तो प्रवाह तयार झाला. दरवर्षी १५ जानेवारी हा दिवस केरळात उपशामक शुश्रूषा दिन म्हणून पाळला जातो. घरातील माणूस केंद्राच्या सेवेत सन्मानाने गेला की त्या घराशी केंद्राचे नाते जुळते; पुढे ते घर स्वतःहून देणगी देऊ लागते, कधी त्या घरातील मुलगा वा सून स्वयंसेवक होते. रक्कम छोटी असल्याने देणाऱ्याला ओझे वाटत नाही, आणि देणारे हजारो असल्याने एक जण थांबला तरी केंद्र थांबत नाही.

पुढील टप्पाही तितकाच महत्त्वाचा. २००८ मध्ये केरळ शासनाने उपशामक शुश्रूषेचे राज्य धोरण जाहीर केले. भारतात असे धोरण करणारे ते पहिले राज्य. त्यानंतर ग्रामपंचायती व नगरपालिका आपल्या निधीतून परिचारिका नेमून गृहभेटी घडवू लागल्या. २०१९ मध्ये हे धोरण सुधारण्यात आले. शासनाचा पैसा आधी आला आणि मग लोक आले, असे तेथे घडले नाही. लोकांनी आधी करून दाखवले, म्हणून शासनाला त्यात उतरावे लागले. आपल्याकडे निधीचा विषय निघाला की पहिला प्रस्ताव शासकीय अनुदानाचा येतो; हा क्रम उलटवून पाहण्यासारखा आहे.

छोट्या वर्गणीची ही कल्पना महाराष्ट्राला परकी मानण्याचे कारण नाही. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडात प्रत्येकाने एक पैसा द्यावा एवढीच अपेक्षा होती आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावी काचकारखाना उभा राहिला. गणेशोत्सवाची वर्गणी तर आजही घरोघर दिली जाते. देण्याची सवय समाजात आहे. आजारी शेजाऱ्यासाठी ती कोणी नियमाने मागितलेली नाही.

इमारतीचा मोह

निधी मागताना इमारत दाखवणे सोपे असते. कोनशिला बसते, नावाची पाटी लागते, छायाचित्र निघते. सिसिली साँडर्स यांच्या कार्याला मिळालेली पहिली देणगी डेव्हिड तास्मा या पोलंडहून आलेल्या मरणासन्न रुग्णाची होती. १९४८ मध्ये त्याने त्यांच्या नियोजित गृहातील एका खिडकीसाठी म्हणून ५०० पौंड मागे ठेवले. प्रत्यक्ष हॉस्पिस उघडण्यास त्यानंतर १९ वर्षे लागली. मधल्या काळात बाईंनी वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले, वेदनाशमनाचा अभ्यास केला आणि लोक जोडले. खिडकी आधी मिळाली, परंतु तिच्यामागचे काम उभे करण्यात दोन दशके गेली, हे विसरू नये.

ब्रिटनमध्ये आजही प्रौढांच्या हॉस्पिसांचा सरासरी एक तृतीयांशाच्या आसपासच खर्च शासकीय निधीतून भागतो. उरलेला जुन्या वस्तूंची दुकाने, मृत्युपत्रातील देणग्या व लोकवर्गणी यांतून उभा करावा लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील शासनाने हॉस्पिसांसाठी १० कोटी पौंड जाहीर केले, पण ते प्रामुख्याने इमारती व उपकरणांसाठी होते. पगाराचा वाढता खर्च कसा भागवावा हा हॉस्पिसांचा प्रश्न त्याने सुटला नाही. श्रीमंत देशातही इमारतीला पैसा मिळतो आणि परिचारिकेच्या पगारासाठी झगडावे लागते, हे यावरून दिसते.

चरकांच्या उपकल्पनीय अध्यायात चिकित्सेपूर्वी सर्व संभार जमवून ठेवण्याचा उपदेश आहे. त्यात गृह कसे असावे हे सांगितले आहे आणि शुश्रूषा करणारी माणसे कशी असावीत हेही सांगितले आहे. त्याच अध्यायात आचार्य पुढे म्हणतात की, सर्वांनाच असा संभार जमवणे शक्य नसते, तथापि दारुण रोग दरिद्री माणसालाही होतात. अशाने आपत्काळी शक्य असेल त्या साधनांनी उपचार घ्यावेत. संभार पूर्ण होईपर्यंत थांबू नये, परंतु जे चालवायचे आहे त्याची तरतूद आधी करावी, असा दुहेरी बोध सामुदायिक सेवेसाठी यातून घेता येतो.

खर्चाचे गणित

उदाहरणादाखल एक हिशेब मांडतो. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून पाहावेत. एका परिचारिकेचा पगार २२,००० रुपये, वाहन व इंधन १८,०००, औषधे व पट्टीसाहित्य १५,०००, भेटीस येणाऱ्या डॉक्टरांचे मानधन १०,०००, दूरध्वनी, हिशेब व किरकोळ ५,०००, असा महिन्याचा खर्च ७०,००० रुपये होतो. वर्षाचा ८,४०,०००.

ही रक्कम एका दात्याकडून मागितली तर तो दोनदा विचार करील, आणि दिली तरी पुढील वर्षी देईलच असे नाही. हीच रक्कम दरमहा १०० रुपये देणारी ७०० माणसे देऊ शकतात. तालुक्याच्या गावात एखाद्या जुन्या वैद्याकडे वर्षभरात किती कुटुंबे येतात, हे आपण जाणताच. दहा वैद्य आणि दहा औषध विक्रेते यांनी प्रत्येकी ३५ वर्गणीदार जोडले की संख्या पूर्ण होते.

यात दोन पथ्ये पाळावीत. पहिले, मोठी देणगी आल्यास ती मासिक खर्चात मिसळू नये. तिच्यातून आधी सहा महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी करावी. वरील उदाहरणात ती ४,२०,००० रुपये होईल. वर्गणीदार घटले तर सावरण्यास तेवढा काळ हाती राहतो. दुसरे, विस्ताराचा निर्णय उत्साहावर सोडू नये. गंगाजळी पूर्ण आहे, मासिक वर्गणीतून मासिक खर्च सलग वर्षभर भागला आहे आणि शेजारच्या गावात वर्गणी व स्वयंसेवक दोन्ही तयार आहेत, या तीन अटी पूर्ण झाल्यावरच दुसरी परिचारिका नेमावी. घेतलेला रुग्ण मध्येच सोडावा लागणे हे त्याला न घेण्यापेक्षा अधिक क्रूर आहे. हे मी वाचून लिहीत नाही.

दवाखाना आणि औषधालय

वैद्य व औषध विक्रेते यांना या कामात विशेष स्थान आहे, कारण लोकांचा विश्वास आधीच त्यांच्या दारी येऊन बसलेला असतो. त्यांनी काय करावे, हे थोडक्यात सांगतो.

औषधालयाच्या गल्ल्याशेजारी बंद, क्रमांक घातलेली दानपेटी ठेवावी. ती ठरलेल्या दिवशी दोघांच्या साक्षीने उघडावी, रक्कम लिहून सह्या कराव्यात आणि त्याच आठवड्यात बँकेत भरावी. मागील महिन्याची जमा व खर्च एका कागदावर लिहून पेटीवरच लावावा. किती गृहभेटी झाल्या तेही लिहावे. रुग्णांची नावे मात्र कधीही लिहू नयेत. दुःखी चेहऱ्याच्या छायाचित्रांनी पैसा लवकर जमतो, पण त्या घराची प्रतिष्ठा जाते.

वर्षश्राद्ध, वाढदिवस, नातवाचे बारसे, दुकानाचा वर्धापनदिन अशा प्रसंगी एका दिवसाचा सेवाखर्च देण्याची प्रथा पाडावी. वरील गणितात तो साधारण २,३०० रुपये येतो. 'अमुक तिथीची सेवा अमुक यांच्या स्मरणार्थ' ही कल्पना आपल्या लोकांना पटकन उमगते, कारण देवस्थानात ती त्यांनी पाहिलेली असते.

वस्तुरूप साहाय्यही मोलाचे आहे. कापूस, गॉज, हातमोजे, लंगोट-पट्ट्या, हवेची वा पाण्याची गादी यांसारख्या वस्तू औषध विक्रेत्यांनी खरेदीदरात द्याव्यात. मुदत संपत आलेली औषधे 'दान' म्हणून पाठवू नयेत. ती विल्हेवाट झाली, दान नव्हे. वॉकर, खाटा, गाद्या वापरून परत आलेल्या असल्यास स्वच्छ करून नोंदवहीसह फिरत्या ठेवाव्यात.

वैद्यांनी आठवड्यातील दोन तास द्यावेत. मलबद्धता, मुखपाक, अरुची, निद्रानाश, त्वचेची रुक्षता या तक्रारींत उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कल्पना देऊन आपण खरोखर साहाय्य करू शकतो. मात्र गिळणे बिघडलेल्या रुग्णास गंडूष देऊ नये. ओल्या स्वच्छ कापसाने ओठ व जीभ ओली करावी. तीव्र वेदनेत मॉर्फीनला पर्याय शोधण्याचा हट्ट धरू नये. २०१४ मध्ये अंमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त संस्थांना ते मिळवणे पूर्वीपेक्षा सुकर झाले आहे, आणि ते देण्याचा अधिकार तेथील प्रशिक्षित डॉक्टरांचा आहे. अशा संस्थेशी रुग्णाची गाठ घालून देणे हीच त्या क्षणी आपली चिकित्सा.

दानपेटी ही जाहिरातीची जागा नव्हे. तिच्यावर स्वतःच्या औषधाचे नाव छापणे अनुचित आहे, आणि कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या कायद्यानेच निषिद्ध आहे. लोकांना एकदा वास आला की हे औषध खपवण्यासाठी आहे, तर पेटी रिकामी राहील आणि तिच्यासोबत खऱ्या कामावरचा विश्वासही जाईल.

हिशेब आणि कायदा

पैसा जमवणाऱ्याच्या सद्हेतूवर सर्वांचा विश्वास असला, तरी हिशेब डोळ्यांना दिसला पाहिजे. नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी. शक्यतो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये नोंदलेल्या, लेखापरीक्षण झालेल्या जुन्या स्थानिक न्यासाच्या छत्राखाली काम करावे. नवा न्यास काढण्याची घाई नको.

'८०-जी' या नावाने लोकांच्या तोंडी असलेली प्राप्तिकरातील सवलत मान्यताप्राप्त संस्थेस दिलेल्या देणगीवर मिळते. परंतु २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीस ती लागू नाही, आणि नव्या करप्रणालीचा स्वीकार करणाऱ्या व्यक्तीला तिचा लाभ होत नाही. म्हणून करसवलतीच्या आशेवर वर्गणीची उभारणी करू नये. शंभर रुपये देणारा करासाठी देत नसतोच.

कंपनी कायदा, २०१३ अन्वये ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. परिसरातील कारखान्याकडे अवश्य जावे. मात्र नियमांनुसार अशा बहुवर्षीय प्रकल्पाची मुदत आरंभीचे वर्ष सोडून तीन वर्षांपलीकडे जात नाही. तेव्हा या पैशातून वाहन, उपकरणे, प्रशिक्षण अशा गोष्टी घ्याव्यात आणि परिचारिकेचा पगार पहिल्या दिवसापासून लोकवर्गणीवर ठेवावा. आमच्या हातून नेमके याच्या उलट घडले होते.

परदेशी स्थायिक झालेल्या गावकऱ्यांची मदतही स्वागतार्ह आहे. त्यात ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले आहे त्यांचे पैसे विदेशी अंशदान ठरतात आणि त्यासाठी संस्थेस केंद्र शासनाची स्वतंत्र नोंदणी लागते. भारतीय नागरिकत्व कायम असणाऱ्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे त्यात मोडत नाहीत. हा भेद न समजल्याने चांगल्या संस्था अडचणीत येतात. सनदी लेखापालाचा सल्ला आधी घ्यावा.

पुन्हा आरंभ

आमच्या गावी ते काम पुन्हा सुरू झाले आहे, परंतु फार लहान प्रमाणावर. पूर्वीच्या बाई परत आल्या नाहीत. दुसऱ्या एक परिचारिका आठवड्यातून दोन दिवस जातात, कारण जमणारी वर्गणी दोन दिवसांपुरतीच आहे. तिसरा दिवस वाढवण्याचा आग्रह मंडळात अधूनमधून होतो. दरवेळी वर्गणीची वही उघडली जाते आणि निर्णय पुढील महिन्यावर जातो. उभे राहिलेले ते वाहन विकले. आता रिक्षाने जाणे होते. माझ्या मित्राच्या औषधालयातील पेटीत पहिल्या महिन्यात बहुतेक नाणीच निघाली. ती मोजताना त्या मुखरोगी गृहस्थांची पत्नी तेथे आली होती. ते गृहस्थ त्याच वर्षी वारले. तिने पदराच्या गाठीची नोट सोडून पेटीत टाकली आणि काही न बोलता गेली. त्या महिन्याच्या हिशेबात ती रक्कम वेगळी लिहिलेली नाही.

वैद्यबंधू-भगिनींनो आणि औषध विक्रेते मित्रहो, परिषदेचे ठराव, स्मरणिका, गौरवसमारंभ हे सर्व आपल्या ठिकाणी राहू द्यावे. या अंकाचे वाचन संपल्यावर आपल्या गावात अंथरुणाला खिळलेले आणि डॉक्टरांनी घरी पाठवलेले किती रुग्ण आहेत, त्यांची एक यादी करावी. तिच्यासमोर दरमहा १०० रुपये देऊ शकतील अशा परिचितांची दुसरी यादी करावी. दुसरी यादी पहिलीपेक्षा पुष्कळ लांब होईल असा माझा अनुभव आहे. या दोन याद्यांच्या मधोमध एका परिचारिकेचे नाव लिहिता यावे, यासाठीच हा सारा प्रपंच.